रक्त थांबलं तरी पेशी लगेच मरत नाहीत

मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की तिच्यावर पोसला जाणारा सगळा भाग तिथल्या तिथे मरतो, असं बहुतेकांना वाटतं. घरात कुणाला अर्धांगवायूचा झटका आला, हात लुळा पडला, बोलणं गेलं, की 'मेंदूचा तेवढा भाग गेला' असं आपण म्हणून टाकतो. पहिल्या काही तासांत हे खरं नसतं. हात हलत नाही म्हणजे हात हलवणाऱ्या सगळ्या पेशी मेल्या असं नाही. त्यांतल्या पुष्कळशा जिवंत असतात, पण गप्प झालेल्या असतात. स्ट्रोकवर पेशींच्या पातळीवर जे संशोधन गेली पन्नास वर्षं चाललं आहे, ते बहुतेक या गप्प पेशींभोवतीच फिरतं. त्या किती वेळ तग धरतात, शेवटी कशाने मरतात, आणि त्याआधी त्यांना वाचवता येईल का?

स्ट्रोक दोन तऱ्हेचा असतो. गुठळीने वाहिनी बंद होते किंवा वाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडतं. गुठळीचे झटके जास्त होतात आणि या लेखात त्यांचाच विचार केला आहे.

१९७० च्या दशकात लंडनमध्ये लिंडसे सायमन या मेंदूच्या सर्जनच्या गटाने बबून माकडांवर प्रयोग केले. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. हा प्रवाह कमी करत नेला तर पेशी कोणत्या टप्प्यावर काय करतात, हे त्यांनी मोजलं. प्रवाह २० च्या खाली उतरू लागला की पेशींचे विद्युतसंदेश बंद पडतात. माणसाच्या बाबतीत याचा अर्थ हात हलत नाही, शब्द सापडत नाही. पेशीचं आवरण मात्र अजून शाबूत असतं. प्रवाह १० च्याही खाली गेला की आवरणाचा तोल जातो, आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. या दोन आकड्यांच्या मधल्या, संदेश थांबलेल्या पण जीव शिल्लक असलेल्या पट्ट्याला पेनम्ब्रा म्हणतात. अॅस्ट्रुप, सिज्यो आणि सायमन यांनी १९८१ साली ही कल्पना नेमकेपणाने मांडली. स्ट्रोकच्या उपचारांचा आजचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

गाभ्यातल्या पेशी काही मिनिटांत जातात, कारण तिथे दुसऱ्या वाटेने रक्त पोचत नाही. कडेच्या भागाला शेजारच्या वाहिन्यांच्या बारीक फांद्यांतून थोडंफार मिळत राहतं. या आडवाटा कुणाच्या मेंदूत भरपूर असतात, कुणाच्या अगदी थोड्या. म्हणून एकाच जागी गुठळी अडकलेल्या दोन माणसांपैकी एकाचा सगळा पट्टा दोन तासांत संपतो, तर दुसऱ्याच्या मेंदूत बारा तासांनीही वाचवण्यासारखं बरंच काही उरलेलं असतं. २०१८ साली 'डॉन' आणि 'डिफ्यूज-३' या दोन चाचण्यांनी याचाच फायदा घेतला. स्कॅनमध्ये असा पट्टा शिल्लक दिसणाऱ्या रुग्णांची गुठळी त्यांनी उशिरा, 'डॉन'मध्ये तर २४ तासांपर्यंत काढली आणि रुग्ण खरोखर सुधारले.

पण उशिरा पोचूनही वाचता येणारे हे रुग्ण सगळ्यांचं प्रतिनिधित्व करत नाहीत. लॉस एंजेलिसच्या जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशोब मांडला होता की मोठी वाहिनी बंद झालेल्या सरासरी रुग्णाच्या मेंदूत दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी आणि त्यांच्यातल्या १४०० कोटी जोडण्या नष्ट होतात. सरासरीचा आकडा आहे, एखाद्याला तो तंतोतंत लागू होणार नाही. तरी रुग्णाला हलवायचं की थोडा वेळ वाट पाहायची असा प्रश्न घरात निघाला, तर हा आकडा आठवावा.

पंप बंद पडतो तेव्हा

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण नुसतं बसलेलं असतानाही शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो घेतो. त्यातला मोठा भाग विचार करण्यावर थेट खर्च होत नाही. तो क्षार जागच्या जागी ठेवण्यावर होतो. चेतापेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम व कॅल्शियम जास्त, ही विषमता असते म्हणूनच पेशीला संदेश पाठवता येतो. आवरणातून सोडियम सतत आत झिरपतं आणि आवरणातला एक प्रथिनाचा पंप ते सतत बाहेर फेकतो. गळक्या होडीतून पाणी उपसत राहावं तसं हे काम आहे, हात थांबला की होडी भरू लागते. या पंपाला लागणारं इंधन, म्हणजे एटीपी, पेशी साठवून ठेवत नाही. ऑक्सिजन आणि साखर येईल तसं बनवते आणि तसंच वापरून टाकते. सगळ्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, ती यामुळेच.

पंप थांबला की सोडियम आत शिरतं, त्याच्यामागे पाणी शिरतं आणि पेशी फुगते. मेंदूची पहिली सूज ती ही. पण खरा घात यानंतर होतो, आणि तो होतो ग्लुटामेट या अगदी नेहमीच्या रेणूमुळे.

ग्लुटामेट हा मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक आहे. एक पेशी तो चिमूटभर सोडते, दुसरी तो ओळखते आणि जागी होते. काम झालं की शेजारच्या अॅस्ट्रोसाइट पेशी तो झटकन शोषून घेतात. म्हणून पेशींच्या आत त्याचा मोठा साठा असला तरी बाहेर तो अगदी नगण्य असतो. ही शोषणारी यंत्रणाही सोडियमच्या विषमतेवरच चालते. ती विषमता संपली की यंत्रणा उलटी फिरते आणि ग्लुटामेट आत घेण्याऐवजी बाहेर ओतू लागते. बुडणाऱ्या प्रत्येक पेशीतून तो शेजारणीवर पडतो, आणि जी पेशी कमी रक्तातही कशीबशी तगली होती तिला तो उत्तेजित करत राहतो. दमलेल्या पेशीला धावायला लावल्यासारखा हा प्रकार नुसता थकवत नाही, मारतो.

जास्त ग्लुटामेट चेतापेशी मारतं हे अमेरिकेतल्या जॉन ओल्नी यांनी १९६९ साली उंदरांच्या पिल्लांत दाखवलं. पुढे १९८० च्या दशकात डेनिस चोई यांनी बशीत वाढवलेल्या चेतापेशींवर प्रयोग करून खरा मारेकरी कोण ते दाखवलं. तो म्हणजे कॅल्शियम. पेशीच्या आवरणात एनएमडीए नावाचा एक ग्राहक, म्हणजे ग्लुटामेट ओळखणारं प्रथिन, असतो. एरवी त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा कण बसलेला असतो. पेशीचा विद्युतभार ढळला की तो कण निसटतो, ग्लुटामेट दार उघडतं आणि कॅल्शियम आत येतं. निरोगी पेशीत बाहेरच्या तुलनेत आतलं कॅल्शियम सुमारे दहा हजार पट कमी असतं, आणि इतकं कमी ठेवण्याला कारण आहे. पेशीच्या आत कॅल्शियम म्हणजे हुकूम. तो आला की अनेक विकरं कामाला लागतात. थोडंसं आलं तर त्यातून आठवणी बनतात. लोंढा आला तर कॅल्पेन नावाचं विकर पेशीचा सांगाडा कापू लागतं, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर जोरात चालतं, पेशीत ऊर्जा बनवणारे मायटोकाँड्रिया कॅल्शियमने भरून निकामी होतात आणि ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू सोडू लागतात. नायट्रिक ऑक्साइड आणि हे रेणू एकत्र आले की पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं, आणि ते पेशीचा डीएनए, मेद, प्रथिनं, काहीच सोडत नाही.

हे सगळं एका पेशीपुरतं राहत नाही. आरिस्तिदेस लेआओ या ब्राझिलियन संशोधकाने १९४४ साली, हार्वर्डमध्ये असताना, सशाच्या मेंदूवर एक विलक्षण गोष्ट नोंदवली. मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युतशांततेची एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने सरकत जाते. ही लाट जिथून जाते तिथल्या पेशींचा भार एकदम ढळतो आणि तो परत बसवायला त्यांना भरपूर ऊर्जा लागते. निरोगी मेंदू ती देतो. पेनम्ब्रातल्या पेशींकडे ती नसते. मोठ्या स्ट्रोकनंतर ज्या रुग्णांची कवटी उघडावी लागली, त्यांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवून माणसांतही या लाटा पाहिल्या गेल्या आहेत. प्रत्येक लाटेबरोबर मेलेला गाभा थोडा रुंद होतो. स्ट्रोक म्हणजे एका क्षणाचा अपघात नाही, तासन्‌तास चालणारी घटना आहे, हे या लाटांइतकं स्पष्ट दुसऱ्या कशाने मला पटलं नव्हतं.

आणखी एक पेशी आहे जिच्याकडे बराच काळ कुणाचं नीट लक्ष नव्हतं. केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेली पेरिसाइट. अंकाऱ्यातल्या तुर्गाय दालकारा यांच्या गटाने २००९ साली दाखवलं की मोठी वाहिनी पुन्हा उघडल्यावरही पेरिसाइट आकसलेल्याच राहतात आणि केशवाहिन्यांतून रक्तपेशी पुढे जात नाहीत. लंडनचे डेव्हिड अॅटवेल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली त्यापुढची गोष्ट मांडली. रक्त तुटल्यावर पेरिसाइट आवळते आणि त्याच अवस्थेत मरते. मेलेल्या पेशीची पकड सुटत नाही. आता कॅथेटरने, म्हणजे वाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने, गुठळी ओढून काढल्यावर पडद्यावर मोठी वाहिनी स्वच्छ उघडलेली दिसते आणि तरीही रुग्ण सुधारत नाही, हे जे डॉक्टरांना वारंवार दिसतं, त्याचं एक कारण बहुधा हे असावं.

दाह हा आणखी पुढचा अंक. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, जाग्या होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत येतात, रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत सैल होते. पहिल्या दिवसांत हे घातक असतं, पण मेलेला कचरा उचलायला आणि नव्या जोडण्या घडायला पुढे याच पेशी लागतात. म्हणून दाह सरसकट दाबून टाकणारी औषधं इथे फारशी कामाला आलेली नाहीत.

उंदरांत जमलेलं माणसांत का जमलं नाही

इतकी कारणसाखळी हाती आल्यावर कुठेतरी ती तोडावी असं कुणालाही वाटेल. एनएमडीएचं दार बंद केलं की उंदराचा मेंदू वाचतो हे १९८४ मध्येच दिसलं होतं, आणि मग या कल्पनेवर अक्षरशः तुटून पडायला झालं. मेलबर्नच्या संशोधकांनी २००६ साली मोजदाद केली तेव्हा स्ट्रोकसाठी प्रयोगशाळेत आजमावलेल्या उपायांची संख्या १०२६ भरली. त्यांतले ११४ माणसांपर्यंत पोचले होते. पेशी वाचवणारं औषध म्हणून त्यांतलं एकही जगभर मान्य झालं नाही.

एनएमडीए अडवणाऱ्या औषधांची अडचण लवकर कळली. तो ग्राहक सगळ्या मेंदूत असतो आणि शिकण्या-समजण्याच्या रोजच्या कामाला लागतो. दार सगळीकडेच बंद केल्यावर रुग्णांना भास होऊ लागले, ते भ्रमिष्ट झाले. सेल्फोटेल आणि अॅप्टिगॅनेल यांच्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. शिवाय ग्लुटामेटचा लोंढा सुरुवातीलाच येतो, आणि रुग्ण दवाखान्यात येऊन सलाइन लागेपर्यंत तो ओसरूही लागलेला असतो.

मग औषध अँब्युलन्समध्येच का देऊ नये? सेव्हर यांनी तेही करून पाहिलं. लॉस एंजेलिसच्या परिसरात १७०० रुग्णांना अँब्युलन्समध्येच मॅग्नेशियम किंवा खोटं औषध सुरू केलं गेलं. झटक्यापासून साधारण ४५ मिनिटांत! २०१५ साली निकाल आला, दोन गटांत काही फरक नव्हता. या चाचणीचं मला मनापासून कौतुक वाटतं. निकाल नकारार्थी असला तरी इतक्या लवकर, रस्त्यावर, शिस्तीत औषध देता येतं हे तिने दाखवलं, आणि पुढच्यांना तो रस्ता मोकळा करून दिला.

दुसरा मोठा धक्का एनएक्सवाय-०५९ या विध्वंसक रेणू टिपणाऱ्या औषधाचा. २००६ मध्ये पहिल्या मोठ्या चाचणीत थोडा फायदा दिसला. ३३०० हून जास्त रुग्णांची दुसरी चाचणी २००७ मध्ये आली आणि तो फायदा नाहीसा झाला. मग लोकांनी मागे वळून प्राण्यांवरचे प्रयोग तपासायला घेतले. कुठे औषध कोणत्या उंदराला दिलंय हे मोजणाऱ्याला आधीच ठाऊक होतं, कुठे उंदीर चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते. अशा प्रयोगांत फायदा फुगून दिसतो.

त्याखेरीज उंदीरच वेगळा. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण, निरोगी, एकाच जातीचा. स्ट्रोकचा रुग्ण साठी-सत्तरीचा, बीपी आणि साखर असलेला. उंदराच्या मेंदूत तंतूंचा पांढरा भाग थोडासा असतो, माणसात तो जवळजवळ अर्धा, आणि तंतू मरण्याची रीत चेतापेशीच्या देहाहून वेगळी आहे. उंदराला औषध गुठळीच्या आधी किंवा लगेच नंतर दिलं जातं.

आणि एक कारण असं की ते २०२० पर्यंत बहुतेकांच्या लक्षातच आलं नव्हतं. उंदीर निशाचर आहे. संशोधक दिवसा काम करतात, म्हणजे उंदराला स्ट्रोक दिला जातो तो त्याच्या झोपेच्या वेळी. माणसांना मात्र बहुतेक झटके जागेपणी येतात. बॉस्टनमधल्या एंग लो यांच्या गटाने तीन जुने उपाय घेतले: जास्त ऑक्सिजन, रेणू टिपणारं एक औषध, आणि एनएमडीए अडवणारं एक. दिवसा, उंदराच्या विश्रांतीच्या काळात, तिन्हींनी मेंदू वाचवला. रात्री, तो जागा असताना, एकानेही नाही. विश्रांतीच्या काळात पेनम्ब्रा जास्त वेळ टिकतो, म्हणून उपायाला सवड मिळते. अनेक वर्षांच्या अपयशातला काही भाग घड्याळामुळे होता, असं म्हणायला आता जागा आहे.

नेरिनेटाइड

या सगळ्या धड्यांनंतर जे औषध सर्वांत काळजीपूर्वक घडवलं गेलं, त्याची हकिकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

टोरोंटोचे मायकेल टिमियान्स्की यांनी एनएमडीएचं दार बंद करायचंच नाही असं ठरवलं. कॅल्शियम आत येऊ दे, पण त्याचा हुकूम नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकरापर्यंत पोचू द्यायचा नाही. ग्राहकाच्या आतल्या शेपटीला पीएसडी-९५ हे प्रथिन चिकटलेलं असतं, आणि ते विकर त्याच प्रथिनाला धरून अगदी दाराशी उभं असतं. ही पकड सोडवली तर ग्राहकाचं नेहमीचं काम चालू राहतं आणि विषारी साखळी तुटते. त्यासाठी त्यांनी २० अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड बनवला, तोच नेरिनेटाइड. त्याचं एक टोक ग्राहकाच्या शेपटीची नक्कल करतं. दुसरं टोक एचआयव्ही विषाणूच्या एका प्रथिनातून घेतलेलं आहे, कारण त्या तुकड्याला पेशीचं आवरण ओलांडता येतं. २००२ मध्ये तो उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत चालला. २०१२ मध्ये मकाक माकडांतही, वाहिनी बंद केल्यावर तासाभराने देऊनसुद्धा. माकडाच्या मेंदूला वळ्या असतात, पांढरा भाग भरपूर असतो, त्यामुळे या निकालाचं वजन मोठं होतं.

मग आठ देशांत ११०५ रुग्णांची 'एस्केप-एनए१' ही चाचणी झाली. सगळ्यांची गुठळी कॅथेटरने काढली जाणार होती, त्यामुळे रक्त परत येणार याची बऱ्यापैकी खात्री होती. २०२० मध्ये निकाल लागला: चांगले सुधारलेले रुग्ण औषधाच्या गटात ६१.४ टक्के, खोट्या औषधाच्या गटात ५९.२ टक्के. म्हणजे फरक नाही. पण आत डोकावल्यावर एक चित्र दिसलं. ज्यांना गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज दिलं नव्हतं, त्यांच्यात हे आकडे ५९.३ आणि ४९.८ होते. कारणही पटण्यासारखं होतं. अल्टेप्लेजमुळे रक्तात प्लाझमिन तयार होतं. प्लाझमिनचं काम गुठळीतली प्रथिनं कापणं, आणि ते या पेप्टाइडलाही कापून टाकतं.

अशा वेळी उपगटावर विश्वास ठेवून औषध बाजारात आणायचा मोह होतो. तो आवरला गेला, आणि पुन्हा फक्त अल्टेप्लेज न घेतलेल्या ८५० रुग्णांवर स्वतंत्र चाचणी केली गेली. २०२५ मध्ये निकाल आला. फायदा नाही. कॅनडात अँब्युलन्समध्ये औषध देऊन पाहिलेल्या दुसऱ्या चाचणीतही एकूण रुग्णांत फरक पडला नाही.

माझ्या मते यातून 'मेंदू वाचवणं अशक्य' असा अर्थ काढू नये. एका विकराची साखळी तोडणं पुरेसं नाही, एवढाच अर्थ निघतो. पेशी मरायच्या वाटा अनेक आहेत आणि एक बुजवली की ती दुसरी धरते.

आपल्याकडची सलाइनची बाटली

आपल्याकडे स्ट्रोकच्या रुग्णाच्या औषधांच्या यादीत सिटिकोलिन, एडॅराव्होन यांपैकी एखादं नाव अनेकदा असतं आणि नातेवाईक महागडी इंजेक्शनं मेडिकलमधून धावत आणतात. सिटिकोलिनची मोठी चाचणी युरोपात २२९८ रुग्णांवर झाली, २०१२ मध्ये निकाल आला आणि फायदा आढळला नाही. एडॅराव्होन जपानमध्ये २००१ पासून मान्य आहे. चीनमध्ये त्यात डेक्सबोर्निओल मिसळलेलं औषध ११६५ रुग्णांत नुसत्या एडॅराव्होनपेक्षा सरस ठरलं, सुमारे ६७ टक्के विरुद्ध ५९ टक्के, आणि २०२० मध्ये तिथे मान्य झालं. इतर देशांतल्या रुग्णांत ते तितकंच चालतं का हे अजून सिद्ध व्हायचं आहे. हे इंजेक्शन परवडत नाही म्हणून वडिलांचं नुकसान झालं, अशी टोचणी कुणी मनाला लावून घेऊ नये.

ज्याने निर्विवाद फरक पडतो ते म्हणजे रक्त परत आणणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत. टेनेक्टेप्लेज हे असं औषध आता पुण्यातली जिनोव्हा कंपनीही बनवते. मोठ्या वाहिनीतली गुठळी असेल तर कॅथेटर. यातलं काहीही देण्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण रक्तस्राव असताना हे इंजेक्शन जीवघेणं ठरेल. म्हणून तोंड वाकडं झालं, एक हात वर राहिना, बोलणं बोबडं झालं की जवळचा कुठलाही दवाखाना गाठण्यापेक्षा सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन जिथे आहे असं हॉस्पिटल गाठा, १०८ ला फोन करा, आणि माणूस शेवटचा ठीकठाक कधी दिसला होता ती वेळ लक्षात ठेवून जा. डॉक्टर तीच पहिली विचारतात. गावोगावी अजून आधी लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेतात, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. त्यात जे तास जातात ते पेनम्ब्राचे तास असतात.

रक्त परत आल्यानंतर

२०१५ मध्ये कॅथेटरच्या पाच चाचण्यांनी उपचार बदलून टाकले. त्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण २६.५ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले होते. प्रचंड फायदा, आणि तरीही अर्ध्याहून जास्त रुग्ण परावलंबी. पेशी वाचवण्याचं संशोधन आता या उरलेल्यांसाठी आहे, आणि पूर्वीपेक्षा त्याची स्थिती बरी आहे. आधी औषध द्यायचं तर ते बंद वाहिनीपलीकडे पोचणार कसं, हाच प्रश्न होता. आता कॅथेटर तिथपर्यंत जातोच.

प्रयोगांची शिस्तही सुधारली. अमेरिकेत सहा प्रयोगशाळांनी मिळून, कुणाला काय दिलंय हे लपवून, चिठ्ठ्या टाकून, २६०० हून जास्त प्राण्यांवर सहा उपाय तपासले. त्यांत म्हातारे उंदीर होते, लठ्ठ होते, बीपी असलेलेही होते. आधी ठरवलेली पायरी एकानेच ओलांडली, युरिक अॅसिडने. ज्याने गाउट हा संधिवात होतो तेच, ते विध्वंसक रेणू टिपतं. स्पेनमधल्या रुग्णांवर त्याची एक चाचणी पूर्वी झाली होती, तिचा कल अनुकूल होता पण फरक ठोस नव्हता. आता कॅथेटरच्या जोडीने त्याची पुन्हा परीक्षा व्हायला हवी, आणि मला त्याच्याकडून आशा आहे.

दंडाला बीपीचा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, पाच मिनिटं सोडायचं, असं पाच वेळा करण्याचा एक उपायही आहे. दुसरीकडे थोडा वेळ रक्त तोडलं की शरीर दूरच्या भागालाही तग धरायला तयार करतं, हे आधी कुत्र्याच्या हृदयात दिसलं होतं. चीनमधल्या १७७६ रुग्णांत २०२२ मध्ये थोडा फायदा दिसला, पुढच्या वर्षी डेन्मार्कमध्ये दिसला नाही. चीनमध्येच, कॅथेटर होणार असलेल्या २८२ रुग्णांना चार तास जोराचा ऑक्सिजन देऊन पाहिला गेला आणि २०२५ मध्ये चांगला निकाल आला. इतका साधा उपाय खरा ठरला तर तालुक्याच्या ठिकाणीही देता येईल, म्हणून मोठी चाचणी लवकर व्हावी.

ब्रिस्बेनचे ग्लेन किंग वेगळ्याच दिशेने गेले. ऑक्सिजन नसताना पेशी आंबतात आणि त्या आंबटपणाने एक वेगळी वाट उघडून कॅल्शियम आत येतं. ती वाट बंद करणारं एक प्रथिन त्यांना ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब कोळ्याच्या विषात सापडलं. २०१७ च्या प्रयोगांत ते झटक्यानंतर आठ तासांनी देऊनही उंदरांचा मेंदू वाचला. दिवस की रात्र, हा प्रश्न मात्र आता त्यालाही विचारावा लागेल.

आणि शेवटचं, मायटोकाँड्रियाचं. २०१६ मध्ये लो यांच्याच गटाने पाहिलं की स्ट्रोकनंतर अॅस्ट्रोसाइट आपले मायटोकाँड्रिया बाहेर सोडतात आणि शेजारच्या चेतापेशी ते आत घेतात. इंधन संपलेल्या पेशीला शेजारीण आपलं यंत्रच देते. यावरून सिअॅटलमध्ये मेलनी वॉकर यांच्या गटाने गुठळी काढताना रुग्णाच्याच स्नायूचा छोटा तुकडा घेतला, त्यातले मायटोकाँड्रिया वेगळे केले आणि त्याच कॅथेटरमधून मेंदूच्या वाहिनीत सोडले. २०२४ साली त्यांनी पहिल्या चार रुग्णांचे निकाल छापले. उपाय सुरक्षित दिसतो एवढंच त्यातून कळलं. रक्तात सोडलेले मायटोकाँड्रिया रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत ओलांडून चेतापेशीपर्यंत पोचतात का, आणि पोचले तर तिथे कामाला लागतात का, हे दाखवणं पुढच्या चाचणीला करायचं आहे.